गाडीच्या डोळ्यांना काजळ



आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे तर पोरांचं काम, यात आपलं काय? पण गाडीचे हप्ते घरातूनच जातात. रात्री-अपरात्री लेकराला घेऊन दवाखाना गाठायची वेळ येते तेव्हा गाडीत आपणच बसलेल्या असतो. आणि आता आपल्यातल्या कितीतरी जणी स्वतःच स्टेअरिंगवर बसतात. म्हणून आज हेडलाइटविषयी बोलू. कंपनीतून आलेल्या हेडलाइटचं रूप घरच्या घरी बदलायचं असेल, तर काय करावं आणि कुठे थांबावं.

आमचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे. दसरा जवळ आला की पोरं मोबाईलवर फोटो घेऊन येतात, "काकू, हेडलाइट असे काळे करून द्या." हौसेला नावं ठेवायची नाहीत. आपणही चांगल्या साडीला फॉल-पिको केल्याशिवाय नेसत नाही. मी त्यांना एवढंच सांगते, की काजळ पापणीच्या कडेला घालतात, बुबुळावर नाही.

आता हेडलाइटची पापणी कुठली आणि बुबुळ कुठलं? पुढची पारदर्शक काच, जी आता काच नसून पॉलिकार्बोनेट नावाचं प्लॅस्टिक असतं, ती बुबुळ. आतला आरशासारखा रिफ्लेक्टर आणि बल्ब, तेही बुबुळच. रिफ्लेक्टरच्या भोवती जी शोभेची चंदेरी किंवा राखाडी पट्टी असते ती पापणी. रंगवायची तर ती पट्टी. बाकी कशाला रंगाचा हात लागू द्यायचा नाही.

पण सगळ्यात सोपं म्हणून पोरं नेमकं उलटं करतात. वरून काळी फिल्म चिकटवतात, नाहीतर काचेवर धुरकट स्प्रे मारतात. दिवसा गाडी रुबाबदार दिसते, रात्री उजेड कमी पडतो. आपल्याकडे कारखाने सुरू झाले की पहाटे चारला रस्त्यावर कोण असतं, आठवा. उसाच्या बैलगाड्या, मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या, डोक्यावर बोचकं आणि काखेत लेकरू घेऊन फडाकडे निघालेल्या बायका. आषाढात दिंड्या पहाटे निघतात. यांच्या अंगावर दिवा नसतो. आपल्या गाडीचा उजेड त्यांच्यापर्यंत पोचला, तरच ते आपल्याला दिसणार. तो उजेड शोभेसाठी कमी करायचा हक्क आपल्याला नाही.

कुणी म्हणेल, पूर्वी तर हेडलाइटला काळा रंग लावायचेच की! खरं आहे. जुन्या गाड्यांच्या काचेचा वरचा अर्धा भाग काळा असायचा, नाहीतर मधोमध काळा ठिपका असायचा. पण तो समोरच्याचे डोळे दिपू नयेत म्हणून. आताच्या हेडलाइटच्या घडणीतच ती सोय असते. डिपरचा उजेड वरच्या बाजूला ठरावीक रेषेवर कापलेला असतो.

आता पट्टी रंगवायची कशी, ते सांगते. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायची, मग हेडलाइट उतरवायचा. बऱ्याच गाड्यांत त्यासाठी पुढचा बंपर सोडवावा लागतो. बल्ब, रबरी टोपणं आणि स्क्रू काढून घ्यायचे. काच मागच्या डब्याला एका काळ्या चिकट सीलंटने बसवलेली असते. तो सीलंट साधारण शंभर अंशांच्या आसपास मऊ होतो. पोरं त्यासाठी आईच्या केकच्या ओव्हनवर डोळा ठेवून असतात. तिथे ठाम नाही म्हणा! ज्या ओव्हनमध्ये आपण खायचं भाजतो, त्यात प्लॅस्टिक आणि सीलंट तापवायचा नाही. हीट गन एका जागी न धरता कडेकडेने फिरवत, थोडं थोडं उचकटत काच सोडवायची. काही नव्या हेडलाइटना कडक होणारा गोंद असतो, काहींच्या आत एलईडीचं सर्किट असतं. ते घरी उघडायचेच नाहीत. जोर लावला तर काच तडकते आणि नवा हेडलाइट घ्यावा लागतो.

पट्टी सुटी झाली की हलक्या हाताने घासायची, प्लॅस्टिकचा प्रायमर आणि त्यावर उष्णता सोसणाऱ्या रंगाचे पातळ हात द्यायचे. मग घाई करायची नाही. ओला रंग आत बंद झाला तर बल्बच्या उष्णतेने त्याची वाफ होते आणि काचेला आतून धुरकट थर बसतो. रिफ्लेक्टरला बोटही लावू नका. त्याचा आरसा म्हणजे अॅल्युमिनियमचा अगदी पातळ मुलामा असतो, फडक्याने पुसला तरी निघतो. बंद करताना जुना सीलंट खरवडून नवा भरायचा. तिथे कंजुषी केली की पहिल्याच पावसात आत पाणी शिरतं.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी फक्त पिवळी पडलेली काच स्वच्छ करावी. जुनी गाडीही त्याने नवी दिसते, वर उजेड वाढतो. काचेवरचा संरक्षक थर उन्हाने झिजतो आणि मग ती पिवळी पडते. टूथपेस्टने घासलं तर चमक येते, पण थर परत येत नाही, म्हणून काही दिवसांनी पिवळेपणा पुन्हा दिसतो. नीट करायचं तर भोवतीच्या रंगाला मास्किंग टेप लावा. पाणी घालत घालत १००० नंबरच्या वॉटर पेपरने घासा, मग २००० आणि मग ३०००. काच दुधासारखी पांढरी दिसली तर घाबरू नका, पॉलिशने ती उजळते. शेवटी अतिनील किरणांपासून वाचवणारा क्लिअर कोट मारायचाच. पेट्रोल किंवा थिनर मात्र लावू नका, त्याने या प्लॅस्टिकला बारीक चिरा पडतात.

आता बल्ब. बऱ्याच साध्या गाड्यांत एच-४ प्रकारचा ६०/५५ वॅटचा हॅलोजन बल्ब असतो. त्याजागी १००/९० वॅटचा लावला तर होल्डर आणि वायरिंग तापून वितळू शकतं. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये नुसता एलईडी बल्ब खोचला, तर उजेड येण्याची जागा बदलते. डिपरची कापलेली रेषा बिघडते आणि तो उजेड समोरच्या मोटारसायकलवाल्याच्या डोळ्यांत जातो. क्षणभर त्याला रस्ताच दिसत नाही. त्या क्षणी त्याच्या पुढ्यात कोण चालत असेल, सांगता येत नाही. परदेशातून मागवलेले हेडलाइटही तपासून घ्या. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपल्या डिपरचा उजेड डावीकडे थोडा वर चढतो. उजवीकडून चालणाऱ्या देशातला हेडलाइट तोच उजेड समोरच्यावर फेकतो.

कायदाही माहीत असू द्या. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनाला येईल तो बदल करता येत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य बदलाला दर बदलामागे ५,००० रुपये दंडाची तरतूद आहे, कैदही होऊ शकते. पुढच्या बाजूला लाल दिवे तर मुळीच नकोत.

शेवटी घरच्या घरी करायची एक परीक्षा सांगते. हेडलाइटला हात लावण्याआधी गाडी सपाट जागी, भिंतीपासून साधारण पंचवीस फुटांवर उभी करा. डिपर लावा आणि भिंतीवर उजेडाची वरची कड जिथे येते तिथे टेप चिकटवा. काम झाल्यावर गाडी त्याच जागी आणून बघा. कड टेपवर आली तर ठीक. वर गेली तर मागच्या स्क्रूने खाली आणा, जमत नसेल तर गॅरेजला जा. आणि मागे माणसं बसली, डिकीत धान्याची पोती टाकली, की गाडीचं नाक आणि उजेड दोन्ही वर जातात. त्यासाठी बऱ्याच गाड्यांत स्टेअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते. ओझं वाढलं की आकडा वाढवायचा. ही चकती कशासाठी आहे हे घरात कितीजणांना माहीत आहे, आज जेवताना विचारून बघा.

दसऱ्याला गाडीची पूजा करा, झेंडूचे हारही घाला. फक्त रस्त्याला लागण्याआधी हेडलाइटवर आलेला हार बाजूला सारा. पोरांना हौस करू द्या, पण संध्याकाळी भिंतीसमोर त्यांच्याबरोबर उभ्या राहा आणि टेप तुम्ही स्वतः लावा.