कलेची जत्रा : सहकार्य आणि हिशेब

जत्रा म्हटली की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे ग्रामदैवताची पालखी, फिरते पाळणे, खेळण्यांची दुकाने आणि रेवड्यांचे ढीग उभे राहतात. जत्रेला जाण्यासाठी निमंत्रण लागत नाही, वेशीवर कोणी अडवीत नाही आणि काही विकत न घेता परतणाऱ्यालाही संकोच वाटत नाही. चित्रप्रदर्शनाच्या दालनाचे मात्र तसे नाही. तेथे प्रवेश खुला असला तरी सामान्य मनुष्य उंबरठ्याशी घुटमळतो. 'यातले आपल्याला काय कळणार', ही भीती त्याला मागे खेचते. परिणामी चित्रकाराला प्रेक्षक मिळत नाही आणि प्रेक्षकाला चित्र मिळत नाही. ही दरी बुजविण्याचा एक मार्ग म्हणजे कलेलाच जत्रेत आणणे. तथापि अशी जत्रा एकट्यादुकट्याच्या उत्साहावर उभी राहत नाही. तिला संस्थांचे सहकार्य लागते आणि त्या सहकार्याला चोख हिशेबाची जोड लागते.

याचे एक ठळक उदाहरण बडोद्याचे आहे. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत १८९० साली ज्या नगरीत कलाभवन निघाले, त्याच नगरीत स्वातंत्र्यानंतर महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललितकला शाखा आकारास आली. इंदूरला जन्मलेले आणि तेथेच चित्रकलेचे पहिले धडे घेतलेले नारायण श्रीधर बेंद्रे १९५० साली या शाखेत चित्रकला विभागाचे प्रमुख म्हणून आले. पुढे त्यांनी शाखेचे अधिष्ठातापदही भूषविले. याच शाखेने १९६१ साली कलामेळा भरविला. त्यात शिक्षक आणि विद्यार्थी खांद्याला खांदा लावून उभे राहिले. के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारख्या श्रेष्ठ कलावंताने अशा मेळ्यांसाठी लाकडाची, मण्यांची, चामड्याची खेळणी घडविली. मोठ्या चित्रकाराने खेळणे करावे, यात कमीपणा नव्हता. उलट ज्याला भिंतभर चित्र परवडत नाही, त्याच्याही घरात कलावंताच्या हाताची एखादी वस्तू जावी, हा त्यामागील विचार होता.

शांतिनिकेतनातील नंदन मेळ्याची कथा याहून हृदयस्पर्शी आहे. नंदलाल बसू यांचा जन्मदिन ३ डिसेंबर. त्याच्या आदल्या दोन दिवशी, म्हणजे १ आणि २ डिसेंबरला, कलाभवनाच्या आवारात १९७३ सालापासून हा मेळा भरत आला आहे. विद्यार्थी आणि शिक्षक आपापल्या कृती तेथे माफक दराने मांडतात आणि विक्रीतून येणारे धन विद्यार्थ्यांच्या साहाय्यनिधीत पडते. घेणाऱ्याला कलाकृती मिळते आणि अडचणीतील विद्यार्थ्याला आधार मिळतो. पैसा कोठे जाणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे देणाऱ्याचा हात आखडत नाही.

मुंबईचा काळा घोडा महोत्सव हे नागरी सहकार्याचे उदाहरण होय. सातव्या एडवर्डच्या ज्या अश्वारूढ पुतळ्यामुळे या परिसराला हे नाव पडले, तो पुतळा १९६५ साली तेथून हलविण्यात आला. घोडा गेला, पण नाव राहिले. जहांगीर कलादालन, वस्तुसंग्रहालय, ग्रंथालये आणि जुन्या दगडी इमारती एकमेकींच्या शेजारी असूनही त्यांना जोडणारा धागा नव्हता. १९९८ साली काळा घोडा असोसिएशन स्थापन झाली आणि १९९९ साली पहिला महोत्सव भरला. प्रवेश विनामूल्य ठेवायचा आणि उत्सवातून उभा राहणारा निधी परिसराच्या जतनाकडे वळवायचा, हे तिचे सूत्र. २०१७ साली त्याच असोसिएशनने तेथे स्वाराविना एक नवा घोडा उभा केला. राजाची आठवण गेली आणि लोकांची खूण आली, असे म्हणावयास हरकत नाही.

बेळगावकरांना जवळचे उदाहरण बंगळूरचे आहे. तेथील कर्नाटक चित्रकला परिषद दरवर्षी चित्रसंते, म्हणजे चित्रांचा आठवडी बाजारच, भरविते. सामान्यतः जानेवारीतील एका रविवारी कुमार कृपा मार्गावरील वाहने थांबतात आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चित्रे लागतात. चित्रकार स्वतः आपल्या चित्रापाशी उभा असतो आणि घेणाऱ्याशी थेट बोलतो. मधला दलाल नाहीसा झाला की किंमतही उतरते आणि भीडही मोडते.

या चारही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. कलावंत, संस्था आणि नगर यांनी आपापला वाटा उचलला. कलावंताने कृती दिली, संस्थेने व्यवस्था सांभाळली आणि नगराने जागा दिली. सेवाभावी संस्थेचे महत्त्व येथेच आहे. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या संस्थेला शिल्लक रक्कम सभासदांत वाटून घेता येत नाही. ती उद्दिष्टासाठीच खर्चावी लागते. म्हणून देणगीदार तिच्यावर विश्वास टाकतो आणि नगरपालिकाही मैदान देताना फारशी कचरत नाही. परंतु हा विश्वास उसना असतो. तो दरवर्षी नव्याने फेडावा लागतो.

एखाद्या मध्यम शहरातील कलामंडळ, वाचनालय आणि सेवाभावी न्यास यांनी मिळून जत्रा भरवावयाची ठरविली, तर त्यांची पहिली बैठक मंडपाच्या रंगासंबंधी नसावी. ती कामांच्या वाटणीसंबंधी असावी. परवाने कोणी काढावयाचे, वीज आणि पाणी कोणाकडे, पावसाने किंवा आगीने नुकसान झाल्यास भार कोणावर, रोकड कोणाच्या कुलपात आणि पावतीवर सही कोणाची, हे सारे कागदावर उतरले पाहिजे. मैत्रीत लेखी करार कशाला, असा भिडस्त प्रश्न अशा वेळी हमखास निघतो. त्याचे उत्तर असे की, मैत्री टिकावी म्हणूनच करार लेखी हवा. दोन भल्या संस्थांमध्ये वितुष्ट येते, ते बहुधा लबाडीमुळे नव्हे. प्रत्येकीने मनात धरलेले गृहीत निराळे असते, म्हणून येते.

दुसरा प्रश्न कलावंताच्या मिळकतीचा. जागेचे भाडे आगाऊ घ्यावे की विक्रीतून ठराविक भाग घ्यावा? समजा, प्रत्येक गाळ्याचे भाडे ५०० रुपये ठेवले आणि ६० गाळे गेले, तर ३०,००० रुपये निश्चित हाती येतात. आयोजकांना हे सोयीचे वाटते. परंतु ज्या कुंभाराची दोन दिवसांत २,००० रुपयांची विक्री झाली, त्याचा चौथा हिस्सा भाड्यात गेला. ज्या चित्रकाराची ४०,००० रुपयांची चित्रे गेली, त्याला तेच ५०० रुपये जाणवलेही नाहीत. याउलट विक्रीचा दहावा भाग घ्यावयाचा ठरला, तर कुंभार २०० देईल आणि चित्रकार ४,०००. जोखीम सर्वांत वाटली जाते आणि कमी विक्री होणाऱ्यावर आघात होत नाही. मात्र या पद्धतीत विक्रीची नोंद प्रामाणिकपणे व्हावयास हवी. म्हणजे पुन्हा हिशेबच आला.

सावंतवाडीची गंजिफा, पिंगुळीची चित्रकथी, बिदरचे बिदरीकाम यांसारख्या परंपरांचे कारागीर अशा जत्रेत आले, तर त्यांना शोभेसाठी एका कोपऱ्यात बसवू नये. 'प्रात्यक्षिक' म्हणून दिवसभर काम करावयास लावून संध्याकाळी नारळ आणि शाल देणे, हा सन्मान अपुरा आहे. त्यांचा प्रवासखर्च, निवास आणि दिवसाचा मेहनताना अंदाजपत्रकात आरंभीच धरला पाहिजे. मंडपवाला, ध्वनिक्षेपकवाला आणि भोजनव्यवस्थापक यांचे पैसे चुकते होतात, आणि ज्यांच्यासाठी जत्रा भरविली त्यांनीच सेवाभावाने काम करावे अशी अपेक्षा धरली जाते, ही विसंगती अनेक ठिकाणी दिसते. संस्था सेवाभावी असते, याचा अर्थ कारागिराची मजुरी फुकट असते असा नव्हे.

आणखी एक बाब सहसा दुर्लक्षिली जाते. चित्र विकले म्हणजे त्याच्या प्रती छापण्याचा हक्कही विकला, असे होत नाही. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार तो हक्क सामान्यतः चित्रकाराकडेच राहतो. त्याने लेखी हस्तांतर केले असेल तरच तो दुसऱ्याकडे जातो. तेव्हा पुढील वर्षीच्या दिनदर्शिकेवर ते चित्र छापावयाचे असल्यास आयोजकांनी चित्रकाराची अनुमती घ्यावी. शक्य तर मोबदलाही द्यावा.

जत्रा संपते, मंडप उतरतो, मैदान पुन्हा मोकळे होते. खरी कसोटी त्यानंतर लागते. न विकलेल्या कृती जशाच्या तशा परत गेल्या काय? विकलेल्या कृतींचे पैसे ठरल्या दिवशी कलावंताच्या हाती पडले काय? जमाखर्चाचे पत्रक वाचनालयाच्या फलकावर लागले काय? जेथे या तीनही प्रश्नांचे उत्तर होकारार्थी मिळते, तेथे दुसऱ्या वर्षी कलावंत न बोलावता येतात. जेथे मिळत नाही, तेथे पुढील वर्षीच्या मंडपात गाळे पुष्कळ असतात आणि चित्रे थोडी.

ग्रामदैवताच्या जत्रेत पुजारी, मानकरी आणि गावकरी यांचे मान पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात, म्हणून पालखी वेळेवर निघते. कलेच्या जत्रेला तशी जुनी वहिवाट नाही. ती आजच्या पिढीला घालून द्यावयाची आहे. ज्या घरात आजवर दिनदर्शिकेखेरीज चित्र नव्हते, त्या घराच्या भिंतीवर शेजारच्या गल्लीतील एखाद्या तरुण चित्रकाराचे चित्र लागावे आणि त्या तरुणाला पुढचे चित्र काढण्यापुरते बळ मिळावे, इतके साधले तरी संस्थांच्या सहकार्याचे सार्थक झाले.