लठ्ठ उंदराची साक्ष



पंक्तीत एखादे स्थूल बालक पुन्हा पुन्हा वाढून मागू लागले, की आपण त्यास खादाड म्हणून हसतो. आम्हीही हसलो आहोत.

अमेरिकेत बार हार्बर येथील जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९ साली काही उंदीर अतिशय लठ्ठ निपजले. त्यांची भूक शमतच नसे. डग्लस कोलमन यांनी अशा उंदराचे रक्ताभिसरण निरोगी उंदराशी जोडले, तेव्हा त्याचे खाणे कमी झाले. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सदोष जनुक शोधून काढला. मेदातून स्रवणारे, भूक आवरणारे ‘लेप्टिन’ नामक द्रव्य या उंदरांच्या ठायी निर्माणच होत नाही.

१९९७ साली हाच दोष दोन बालकांत आढळला. त्यांच्या कुळात नात्यातले विवाह होत असत; माता व पिता या दोहोंकडून सदोष जनुक आला तरच हा विकार प्रकटतो. लेप्टिन टोचल्यावर अशा बालकांची भूक आटोक्यात आली.

विकार विरळा खरा. तथापि पंक्तीत हसताना आणि जवळच्या नात्यात सोयरीक जुळविताना त्या मुक्या जीवाची साक्ष आठवावी, इतकीच आमची विनंती.