मार्कांपलीकडची विचारपूस



आम्ही सॉफ्टवेअरवाले. प्रोग्राम अडला तर रागावत नाही, कारण शोधतो. मुलींच्या बाबतीत मात्र आपण आधी रागावतो.

अमेरिकेत सीडीसीच्या २०२१च्या पाहणीत हायस्कूलमधल्या ५७ टक्के मुलींनी सांगितलं, की वर्षभरात कधीतरी सलग दोन आठवडे त्या रोजची कामं सुटण्याइतक्या उदास होत्या. २०२३मध्येही हे प्रमाण ५३ टक्के होतं. २०२१च्या त्याच पाहणीत १४ टक्के मुलींनी शरीरसंबंधाची जबरदस्ती झाल्याचं सांगितलं.

हे दोन विषय वेगळे नाहीत. जबरदस्तीने मन खचतं, आणि तिथे दोष मुलीचा कधीच नसतो. खचलेल्या मनाला 'नाही' म्हणणं, निरोधाचा आग्रह धरणं जड जातं. मग नको असलेलं गर्भारपण, गुप्तरोग यांचा धोका वाढतो.

आपल्याकडे मार्कांची चौकशी रोज होते, मनाची क्वचित. शरीराचा विषय तर पाळीपुढे जातच नाही. तेव्हा लेकीला, भाचीला जवळ बसवून विचारूया. डॉक्टरांकडे आपण थोडा वेळ बाहेर थांबूया, तिला एकटीला बोलू देऊया. फारच अवघड वेळ आली तर ९८८ हा फोन रात्रंदिवस चालू असतो.

आजचा निधी मुलींच्या समुपदेशनासाठी आहे. सढळ हाताने द्या, ही विनंती.