समुद्रावर जाऊ, शिंपले वेचू, लंगडी खेळू



आज बोलू या समुद्राबद्दल. तुम्ही म्हणाल, आपल्या वाशिमला समुद्र कुठला? पण पोहरादेवीच्या यात्रेत बंजारा बायांच्या भरतकामात शिवलेल्या कवड्या आठवा. कवडी म्हणजे समुद्रातल्या गोगलगायीचं घर. एकेकाळी मालदीव बेटांवरून कवड्या जहाजांनी यायच्या आणि बाजारात नाण्यासारख्या चालायच्या. 'कवडीमोल' हा शब्द त्यातूनच आला.

कवडी एवढ्या लांबून आली, मग आपण समुद्रावर का जाऊ नये? आपण बाया घराबाहेर पडतो ते देवाला, लग्नाला नाहीतर दवाखान्यात. नुसतं खेळायला जायचं म्हटलं की घरच्यांच्या आधी आपल्यालाच संकोच वाटतो. तो सोडू या. गटातल्या बायांनी दर महिन्याला थोडे थोडे पैसे सहलीसाठी बाजूला काढावेत. गटाच्या बचतीला आणि कर्जाच्या रकमेला हात लावू नका. सहलीची वही वेगळी ठेवा.

सोयाबीन घरात आलं आणि तुरीला अजून वेळ आहे, तो काळ बरा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, पर्यटकांच्या होड्या बंद असतात.

मालवणच्या धक्क्यावरून होडीत बसलं की शिवाजी महाराजांच्या सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाता येतं. १६६४ साली त्याचं बांधकाम सुरू झालं. वेंगुर्ल्याला मांडवी खाडीत तर 'स्वामिनी' बचत गटाच्या बायाच होडी वल्हवतात आणि पर्यटकांना कांदळवन दाखवतात. त्यांच्याशी जरूर बोला. आपल्यासारख्याच गटाने हा धंदा कसा उभा केला, ते त्यांच्याच तोंडून ऐका.

किनाऱ्यावरची ओली वाळू घट्ट असते. तिथे लंगडी, फुगडी, तळ्यात-मळ्यात खेळा. पडलं तरी लागत नाही. बोटाने वाळूवर पट आखून अष्टा-चल्लस मांडा. सासू-सून एकाच डावात असल्या तर मजा औरच!

शिंपले वेचायला ओहोटी बरी. साधारण सहा तास पाणी चढतं, सहा तास उतरतं. ओहोटीची वेळ गावातल्या कोळणीला विचारा. शिंपला उचलला की आत पाहा. आत जीव असेल, तर जिथून घेतला तिथेच ठेवा. रिकाम्या शंखात कधी कधी खेकडा राहतो. त्याचं पोट मऊ असतं, म्हणून तो शंखाचा आसरा घेतो आणि वाढला की मोठं घर शोधतो. आपण सगळेच शंख उचलले, तर त्याने जायचं कुठे? म्हणून लेकरांसाठी चार-पाच पुरेत. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख हातात घेऊच नका, त्याचा डंख विषारी असतो. काही जातींच्या शंखांना वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, तेव्हा दुकानातले मोठे शंख घेण्याचा मोह टाळा.

होडीत लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. जास्त माणसं भरली असतील, तर सरळ नाही म्हणा. पाण्यात घोट्याच्या वर जाऊ नका. ओला पदर, ओलं लुगडं जड होतं आणि लाट पायाखालची वाळू ओढून नेते.

पुढच्या बैठकीत हिशेब झाला की एवढाच विषय काढा : आपण सगळ्या मिळून शेवटचं कधी खेळलो होतो?