माईकजवळची दुसरी खुर्ची

भांडी आवरली ना? नसतील तर रेडिओ मोरीजवळ घ्या आणि घासता घासता ऐका.

आपल्याकडे जत्रेत कबड्डीचे सामने असले की माईकवर कोण असतं? सामना मुलींचा असला तरी दादालोकच. मी शाळेत चढाईला जायचे. एकदा भोंग्यावरून ऐकू आलं, "पोरगी घाबरली!" अहो, घाबरले कुठं, कोपऱ्यातलीचा पाय बघत होते! पण हे जी खेळलीय तिलाच कळणार.

म्हणून आज अमेरिकेतल्या अ‍ॅन मेयर्स यांच्याबद्दल सांगते. अकरा भावंडांच्या घरातल्या. बास्केटबॉल खेळायच्या. १९७६ साली ऑलिंपिकमध्ये बायकांचं बास्केटबॉल पहिल्यांदा आलं, त्यात रौप्यपदक मिळवणाऱ्या संघात त्या होत्या.

१९७९ साली इंडियाना पेसर्स या पुरुषांच्या व्यावसायिक संघानं त्यांच्याशी वर्षाचा ५० हजार डॉलरचा करार केला. निवड होवो न होवो, पैसे ठरलेले. लोक म्हणाले, तिकिटं खपवायचं नाटक आहे. बाई तीन दिवस पुरुषांबरोबर चाचणीत उतरल्या. निवड झाली नाही. मग संघानं त्यांना आपल्या सामन्यांच्या टीव्ही कॉमेंट्रीला बसवलं. पैसे द्यायचेच आहेत, तर काम तरी करू दे, असाच तो प्रकार.

तिकडे कॉमेंट्रीला दोन खुर्च्या असतात. एकजण काय घडलं ते सांगतो. दुसरा, बहुतेक वेळा जुना खेळाडू, ते का घडलं हे सांगतो. बाईंना ही दुसरी खुर्ची मिळाली. थोड्याच दिवसांत त्या बायकांच्या व्यावसायिक स्पर्धेत खेळायला गेल्या, पण ती स्पर्धा १९८१ साली बंद पडली. खेळायचं मैदान गेलं, माईक मात्र राहिला.

त्यांचे पती डॉन ड्राइसडेल नावाजलेले बेसबॉल खेळाडू. तेही खेळ सोडल्यावर कॉमेंट्री करायचे. १९९३ साली, कामासाठी परगावी गेलेले असताना, हॉटेलच्या खोलीत हृदयविकारानं गेले. त्याच वर्षी बाईंचा बास्केटबॉलमधला मोठा सन्मान झाला होता. पदरात तीन लेकरं, धाकटी तर तान्ही.

आपल्यात किती जणींना हे सांगावं लागणार नाही.

बाईंनी काम सोडलं नाही. पुढं ऑलिंपिकचे सामने सांगितले, आणि नंतर फिनिक्स शहराच्या सन्स या पुरुषांच्या संघाच्या सामन्यांना कॉमेंट्री केली. ज्या स्पर्धेत खेळायला जागा मिळाली नव्हती, त्याच स्पर्धेतल्या पुरुषांचं कुठं चुकलं ते त्या घरोघरच्या टीव्हीवर सांगायच्या. मला तर हे ऐकूनच गंमत वाटते.

यंदाच्या जत्रेत मुलींचे सामने आहेत. मंडळाच्या पोरांना मी विचारलंय, एका सामन्याला माईकजवळ दुसरी खुर्ची टाकाल का? "बघू काकू," म्हणालेत. उद्या परत विचारणार आहे.