सरकारी खात्यांचे पुरवठादार कसे व्हावे

(समाजाच्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचा ध्वनिमुद्रणावरून उतरवलेला मजकूर. वक्त्या निवृत्त परिचारिका आहेत.)





सरकारी खरेदीविषयी एका परिचारिकेने का बोलावे, असा प्रश्न तुमच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मी व्यापारी नाही, वकील नाही, हिशेबतपासनीसही नाही. मुंबईत परिचर्येची पदविका घेऊन मी या देशात आले आणि सेवेची सारी वर्षे रुग्णालयात काढली. परंतु सरकारी रुग्णालय हे फार मोठे गिऱ्हाईक असते. हातमोजे, चिकटपट्ट्या, चादरी, साबण, रुग्णांचे जेवण, यांपैकी बहुतेक गोष्टी कोणीतरी निविदा भरली आणि कोणीतरी ती मंजूर केली म्हणून वॉर्डात पोहोचतात. सेवेच्या शेवटच्या वर्षांत आलेल्या नमुन्यांची तपासणी करून समितीला लेखी अभिप्राय देण्याचे काम माझ्याकडे होते. विकणाऱ्याची बाजू तुम्हांला ठाऊक आहे. घेणाऱ्याच्या टेबलाच्या पलीकडून काय दिसते, ते मी आज सांगणार आहे.

आपल्या पूर्वजांनी कोकणात तेलाचे घाणे चालवले. पुढे मुंबईत आपली माणसे रेल्वेत, टपालखात्यात, कस्टममध्ये, सैन्यात, इस्पितळांत लागली. सरकारचा पगार आपण पिढ्यान्‌पिढ्या घेतला. पण सरकारला माल विकणारे घर माझ्या पाहण्यात नाही. इथे अश्दोद, दिमोना, लोद, रामला या गावांतून आपल्या मुलामुलींनी आता स्वतःचे व्यवसाय काढले आहेत. कोणाचे स्वयंपाकघर आहे, कोणाचे शिवणकाम, कोणी वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करतो. यांच्याकडे सरकारी काम येते, पण आडवाटेने येते. मोठा कंत्राटदार खात्याकडून काम घेतो आणि त्याचा तुकडा आपल्या माणसाच्या पदरात टाकतो.

आपल्यातील एक भगिनी वृद्धांच्या दिवसकेंद्राला दुपारचे जेवण पुरवते. चार महिने पैसे न मिळाल्यावर ती मला म्हणाली, "आंटी, सरकार पैसे देत नाही." चौकशी केली तेव्हा कळले की सरकारने पैसे केव्हाच दिले होते. ते अडकले होते मधल्या कंत्राटदाराकडे. आणि त्याच्याशी केलेल्या करारात "शोतेफ प्लस ९०" असे लिहून खाली तिची सही होती. म्हणजे देयकाचा महिना संपल्यावर आणखी ९० दिवस. कांदे-बटाट्यांचा दुकानदार मात्र तिला ९० दिवस देत नाही.

या बाबतीत २०१७ चा एक कायदा आहे, खोक मुसार ताशलुमीम, म्हणजे पुरवठादारांचे पैसे वेळेवर देण्याविषयीचा कायदा. सरकारी खात्याने देयक मिळाल्यापासून साधारणतः ४५ दिवसांच्या आत पैसे दिले पाहिजेत, असे तो सांगतो. दोन खाजगी व्यवसायांमध्येही महिनाअखेरीपासून ४५ दिवसांची मुदत तो घालून देतो. परंतु दोघांनी लेखी वेगळे ठरवले असेल आणि ते विशेष अन्यायकारक नसेल, तर ते ठरलेले चालते. फट आहे ती इथेच. सरकारशी थेट करार करणाऱ्याच्या पाठीशी कायदा सरळ उभा राहतो. पोटकंत्राटदाराला आधी स्वतःच्या सहीशी भांडावे लागते. म्हणून थेट पुरवठादार होण्याची खटपट करावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. काम लहान असले तरी चालेल, पण आपल्या नावाने असावे.

आता मूळ व्यवस्था पाहू. १९९२ चा निविदा-बंधन कायदा असे सांगतो की राज्याने खुल्या मिख्राझशिवाय, म्हणजे जाहीर निविदेशिवाय, खरेदीचा करार करू नये. अपवाद नियमांत दिले आहेत. हे बंधन केवळ मंत्रालयांवर नाही. सरकारी कंपन्या, कुपात होलीम, विद्यापीठे आणि धार्मिक परिषदा, म्हणजे मोआत्सा दातीत, यांनाही ते लागू आहे. आपल्या गावातील धार्मिक परिषदेलाही खरेदी करावी लागते, हे कितीजणांच्या ध्यानात येते? नगरपालिका वेगळ्या नियमांखाली चालतात. त्यांच्या निविदा त्यांच्याच संकेतस्थळांवर आणि वर्तमानपत्रांत येतात, आणि काही ठिकाणी कागदपत्रांसाठी परत न मिळणारे शुल्क भरावे लागते.

मंत्रालयांच्या निविदा सरकारी खरेदी प्रशासनाच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. हे प्रशासन अर्थमंत्रालयातील महालेखापालाच्या हाताखाली चालते. संगणक, वाहने, फर्निचर अशा सर्वांना लागणाऱ्या वस्तूंसाठी ते सगळ्या खात्यांच्या वतीने एकच मध्यवर्ती निविदा काढते. तिथे लहान माणसाचा निभाव लागणे कठीण. त्याने एखाद्या खात्याची, एखाद्या जिल्ह्याची, एखाद्या सेवेची निविदा शोधावी. त्याच संकेतस्थळावर आणखी एक प्रकारची सूचना येते, तिकडे फारसे कोणी पाहत नाही. एखाद्या खात्याला वाटते की अमुक वस्तू पुरवणारा एकच माणूस देशात आहे, म्हणून निविदेविना त्याच्याशी करार करावा. तसे करण्यापूर्वी त्याला ते जाहीर करावे लागते. ती वस्तू तुम्हीही पुरवू शकत असाल, तर दिलेल्या मुदतीत तसे लेखी कळवता येते. शिवाय खात्यांकडे पुरवठादारांच्या याद्या असतात. मर्यादित निविदेच्या वेळी यादीतील व्यवसायांना आळीपाळीने बोलावणे येते. यादीत नावच नसेल तर पाळी कोठून येणार?

निविदेचा दस्तऐवज हाती आला की लोक आधी किंमत किती भरायची याचा विचार करू लागतात. माझे म्हणणे असे की आधी तनाए साफ, म्हणजे प्रवेशाच्या अटी, वाचाव्यात. वॉर्डात आम्ही रुग्णाचा तक्ता वाचत असू तशा वाचाव्यात: प्रत्येक ओळ, प्रत्येक आकडा, "सुमारे" हा शब्द मनातून काढून. तीन वर्षांचा अनुभव मागितला असेल तर दोन वर्षे अकरा महिने चालत नाहीत. या अटींपैकी एक जरी अपुरी राहिली तर तुमची किंमत वाचलीही जात नाही. उत्तम माल आणि रास्त दर असलेल्या निविदा एका कागदापायी बाजूला ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यात समितीचा दुष्टपणा नसतो. एकाला सूट दिली तर दुसरा न्यायालयात जाईल, ही भीती तिलाही असते.

कागद कोणते? पहिला इशूर निहूल स्फारीम, म्हणजे हिशेबाच्या वह्या नीट ठेवता आणि कर-खात्याला विवरण देता याचा दाखला. तो १९७६ च्या कायद्याप्रमाणे लागतो आणि तुमचा हिशेबतपासनीस किंवा करसल्लागार तो देऊ शकतो. दुसरे, वकिलासमोर सही केलेले प्रतिज्ञापत्र, की किमान वेतनाच्या व परदेशी कामगारांच्या कायद्याखाली तुम्ही अपात्र ठरलेले नाही. अन्नाचे काम असेल तर कश्रुतचा दाखला आणि आरोग्य खात्याचे परवाने. घरच्या ओट्यावर केलेला पदार्थ कितीही रुचकर असला तरी सरकारी निविदेत तो चालणार नाही, हे आपल्या सुगरणींनी आधीच ध्यानी घ्यावे.

आणि अनेक निविदांत बँकेची हमी, अरवूत बांकाईत. तिच्यासंबंधी मी दोनदा सांगेन. दस्तऐवजाबरोबर हमीचा नमुना दिलेला असतो. बँकेने तोच शब्दशः उतरवला पाहिजे. नाव, रक्कम, शेवटची तारीख यांत फरक नको. व्यवसाय पतीच्या नावाने आणि हमी पत्नीच्या नावाने, असे चालत नाही. या बाबतीत न्यायालयांची भूमिकाही कडक राहिली आहे. म्हणून बँकेतून कागद हाती आला की खिडकीपाशीच उभे राहून नमुन्याशी ताडून पाहा. मागे रांगेतली माणसे कुरकुर करतील, करू द्यात.

यापुढचा टप्पा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, आणि आपली माणसे नेमका तोच सोडून देतात. त्याला शेएलोत हाव्हारा म्हणतात, म्हणजे खुलासा मागण्याचे प्रश्न. निविदेत एक तारीख दिलेली असते. तोपर्यंत कोणीही लेखी प्रश्न विचारू शकतो आणि उत्तर विचारणाऱ्याचे नाव न घेता सर्वांना दिले जाते. एकदा आमच्याकडे चिकटपट्टीची निविदा होती. वर्णनात एका विशिष्ट कंपनीच्या मालाचे नाव पडले होते. मोठ्या पुरवठादारांना त्याचे काहीच वाटले नाही. एका लहान पुरवठादाराने मात्र दोन ओळींचा प्रश्न पाठवला, की समतुल्य माल चालेल का, आणि चालत असल्यास समतुल्यतेची कसोटी कोणती. समितीने आम्हां परिचारिकांना विचारले. आम्ही लिहिले: घामेजलेल्या त्वचेवर ती टिकली पाहिजे, आणि काढताना म्हाताऱ्या माणसाची कातडी तिच्याबरोबर निघता कामा नये. नाव गेले, कसोटी आली, आणि त्या माणसाला निविदा भरता आली. त्याचे हिब्रू माझ्याहून चांगले होते असे नाही. प्रश्न विचारणे म्हणजे अज्ञान उघडे करणे, ही समजूत मात्र त्याला नव्हती.

आता भगिनींसाठी. २००२ पासून या कायद्यात अशी तरतूद आहे की दोन निविदांचे एकूण गुण सारखेच आणि सर्वाधिक ठरले, आणि त्यांतील एक व्यवसाय स्त्रीच्या नियंत्रणाखाली असला, तर काम त्या व्यवसायाला द्यावे. परंतु हिशेबतपासनिसाचे प्रमाणपत्र आणि त्या स्त्रीचे प्रतिज्ञापत्र निविदेबरोबरच जोडलेले असले पाहिजे. गुण सारखे ठरणे हे विरळाच, म्हणून या तरतुदीवर फार भिस्त ठेवू नये. भारतात वेगळी रीत आहे. तिथे केंद्र सरकारच्या खात्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी २५ टक्के सूक्ष्म व लघु उद्योगांकडून आणि त्यातील ३ टक्के स्त्रियांच्या उद्योगांकडून घ्यावी, असे धोरण आहे. आणि २०१६ पासून जेम नावाच्या सरकारी बाजारपेठेवर घरबसल्या नोंदणी करता येते. ठाण्यातील आपल्या नातलगांना हे अवश्य कळवा. मला विचाराल तर ती रीत अधिक प्रामाणिक वाटते.

तिकडून माल आणून इथे विकणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. समजा, सोलापूरचे टॉवेल आणून रुग्णालयाला द्यायचे आहेत. १९९५ च्या नियमांप्रमाणे इस्रायलमध्ये तयार झालेला माल आयात मालाहून १५ टक्क्यांपर्यंत महाग असला तरी त्याला पसंती मिळू शकते. आंतरराष्ट्रीय करारांच्या कक्षेतील मोठ्या निविदांची गोष्ट वेगळी. म्हणून ही अट दस्तऐवजात आहे की नाही ते पाहून मगच दर ठरवावा.

काम मिळाले नाही तर आपण काय करतो? "वशिला असणार" म्हणतो आणि फाईल कपाटात ठेवतो. असेलही वशिला. पण निकाल कळल्यापासून ३० दिवसांच्या आत तुम्हांला समितीचे इतिवृत्त आणि विजेत्याची निविदा पाहण्याचा हक्क आहे. व्यापारी गुपिते तेवढी झाकलेली असतात. पत्र लिहा, वेळ मागा, जाऊन बसा. विजेत्याने दर कसा मांडला, अनुभवाचे दाखले कोणाचे जोडले, तुमचे गुण कोठे गेले, हे सारे तिथे दिसते. असे शिक्षण कोणताही सल्लागार विकत देत नाही. आणि खरोखरच काही वावगे आढळले, तर वकिलाकडे न्यायला तुमच्या हाती काहीतरी असते. मात्र उशीर करू नये, दिवस मोजले जातात.

सल्ला हवा असेल तर लघु व मध्यम व्यवसायांच्या सरकारी संस्थेची माओफ नावाची केंद्रे आहेत. तेथे सवलतीच्या दरात मार्गदर्शक मिळतो. परंतु तेथे जाण्यापूर्वी एक तरी दस्तऐवज आपण स्वतः वाचलेला असावा.

ज्या भगिनीविषयी मी बोलले, ती आता एका नगरपालिकेच्या बालवाड्यांच्या जेवणाची निविदा पाहते आहे. दस्तऐवज साठ पानांचा, हिब्रूत. खुलाशाच्या प्रश्नांची मुदत संपायला बारा दिवस आहेत. मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता याच सभागृहात आम्ही तो पहिल्या पानापासून वाचायला बसणार आहोत. ज्यांची मुले हिब्रू शाळेत शिकली आहेत त्यांनी एकेकाला बरोबर आणावे. चहा मी करीन.