इतिहास, प्रवास आणि आपली मुले
(संस्थेच्या वार्षिक समारंभात एका निवृत्त इतिहास-शिक्षकाने केलेले भाषण)



"माझा जगप्रवास" या विषयावर मी बोलावे अशी आपली इच्छा आहे. इतिहासाच्या मास्तराला देशोदेशी हिंडण्याचा नाद कुठून लागला, असे मला पुष्कळजण विचारतात. मास्तराच्या पगारात घर चालविणेच जिकिरीचे, मग हे कसे जमले, अशीही शंका त्या प्रश्नात असते. तेव्हा आधी तो खुलासा करतो आणि मग मुलांच्या शिक्षणाबद्दल जे सांगायचे आहे त्याकडे वळतो.

मी खलाशाचा मुलगा. वडील आगबोटीवर इंजिनखात्यात होते. आपल्या किनाऱ्यावर ही काही जगावेगळी गोष्ट नव्हे. खाडीकाठच्या कोणत्याही मोहल्ल्यात चौकशी करा. कोणाचा आजा मुंबईच्या गोदीत होता, कोणाचा चुलता केपटाऊनला गेला तो तिकडचाच झाला, कोणी मोंबासाला दुकान टाकले आणि आज कोणाचा मुलगा दुबईला किंवा कुवेतला आहे. वडील वर्षा-दीड वर्षाने घरी येत. त्यांच्या पत्र्याच्या पेटीतून साबण, आईसाठी कापड आणि आम्हां भावंडांसाठी बंदरांची चित्रे छापलेली कार्डे निघत. पोर्ट सैद, डर्बन, हँबुर्ग ही नावे शाळेत आम्ही घोकून पाठ करीत होतो. घरी ती जेवताना सहज बोलण्यात येत.

वडिलांना कुराणशरीफ वाचता येई, पण वर्तमानपत्र वाचता येत नसे. एकदा ते म्हणाले, "सुवेझच्या कालव्यातून बोट सरळ जाते. पनामाला मात्र पाण्याच्या पायऱ्या आहेत. दरवाजे लावतात, पाणी भरतात आणि बोट वर चढते." असे का, ते त्यांना ठाऊक नव्हते. पुढे ते मला पुस्तकात सापडले. सुवेझचा कालवा १८६९ साली खुला झाला. त्याच्या दोन्ही टोकांच्या समुद्रांच्या पातळीत फारसा फरक नाही, म्हणून तेथे दरवाजे लागले नाहीत. पनामाचा कालवा १९१४ साली सुरू झाला. त्याच्या वाटेत गातूनचे तळे आहे आणि ते समुद्रसपाटीपासून सुमारे २६ मीटर उंचावर आहे. म्हणून बोट चढवावी लागते आणि पलीकडे उतरवावी लागते. हे मी वडिलांना समजावून सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "इतक्या वेळा गेलो, पण हे आम्हांला कोणी सांगितले नाही."

वडिलांनी जग पाहिले होते, पण त्याचा अर्थ सांगणारे कोणी त्यांना भेटले नव्हते. मी अर्थ वाचला होता, पण जग पाहिले नव्हते. मी इतिहास शिकवू लागलो आणि जमेल तसे जग पाहू लागलो, त्याचे मूळ येथे आहे. नोकरीत असताना सुट्ट्यांमध्ये दौलताबाद, विजापूर, दिल्ली, जयपूर पाहिले. परदेश पाहिला तो निवृत्तीनंतर. आधी हज, आणि मग एकेका वर्षाची पुंजी जमवून एकेक देश.

त्यांपैकी समरकंदचा अनुभव सांगतो. तैमूरचा नातू उलूघ बेग हा तेथे राज्य करीत होता आणि आकाशातले तारेही मोजीत होता. त्याने मदरसा बांधला, मोठी वेधशाळा उभारली आणि १४३७ साली एक हजाराहून अधिक ताऱ्यांची सारणी तयार केली. १४४९ साली त्याच्याच मुलाच्या सांगण्यावरून त्याचा खून झाला. वेधशाळा मोडून पडली आणि तिची जागाही लोक विसरले. १९०८ साली उत्खननात तिचे अवशेष सापडले. जमिनीत खोल गेलेला, वर्तुळाचा तुकडा असावा तसा वेधयंत्राचा भाग आज तेथे पाहता येतो. मी त्या काठावर उभा होतो तेव्हा मला जयपूर आठवले. अठराव्या शतकात सवाई जयसिंगाने वेधशाळा बांधल्या आणि ताऱ्यांच्या नव्या सारण्या केल्या, तेव्हा उलूघ बेगाच्या सारण्या त्याच्यापुढे होत्या. समरकंदची इमारत पडली, पण तिथले ज्ञान पुस्तकात बसून आपल्या देशात आले आणि एका हिंदू राजाच्या उपयोगी पडले. वर्गात हे मी अनेकदा शिकविले होते. दोन्ही जागा डोळ्यांनी पाहिल्यावर त्याचे मोल कळले.

विद्यार्थी मित्रांनो, यासाठी फार लांब जायलाच हवे असे नाही. रायगड जिल्ह्यातले चौल घ्या. अरब लेखक त्याला सैमूर म्हणत. बगदादचा इतिहासकार अल् मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ.स. ९१६-१७ च्या सुमारास, तेथे आला होता. शिलाहार राजांचा तो काळ. तेथे सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादहून आलेले लोक आहेत, आणि त्यांचे तंटे सोडविण्यासाठी राजाने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमला आहे, असे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी याच चौलला उतरला, जुन्नर व बिदर फिरला आणि दाभोळहून परतीच्या बोटीत बसला. त्याचे स्मारक रेवदंड्याला आहे. जग आपल्या दारात येऊन गेले आहे. आपल्या मुलांना ते ठाऊक नसते, एवढेच.

आता इब्न बतूता. हा टँजियरचा तरुण १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, हजसाठी घरून निघाला आणि जवळजवळ पाव शतक फिरत राहिला. दिल्लीत तो काजी होता. दौलताबाद, नंदुरबार या आपल्या मुलखातून तो गेला आहे. पण मला आज सांगायचे आहे ते होनावरबद्दल. होनावर म्हणजे गोव्याच्या दक्षिणेला, कर्नाटकच्या किनाऱ्यावरचे गाव. १३४२ च्या सुमारास तो तेथे होता. त्या एका गावात मुलांच्या २३ आणि मुलींच्या १३ शाळा आपण पाहिल्या, तेथील स्त्रियांना कुराण मुखोद्गत आहे, आणि असे आपण दुसरीकडे कोठेही पाहिले नाही, अशी नोंद त्याने केली आहे. पालकहो, ही सुमारे पावणेसातशे वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आणि आपल्याच किनाऱ्यावरची आहे. मुलींना शिकविणे ही आपल्याकडे नव्याने आलेली टूम आहे, असे कोणी म्हणाले तर त्याला होनावरच्या त्या १३ शाळांची आठवण द्यावी.

मुलीने शिकण्यासाठी दूर जाण्याचीही उदाहरणे आहेत. अतिया फैजी या १९०६ साली शिक्षिकेचे शिक्षण घेण्यासाठी लंडनला गेल्या. त्यांची तिकडची रोजनिशी उर्दूतील एका स्त्रियांच्या नियतकालिकात येत होती आणि १९२१ साली तिचे पुस्तक झाले. त्यांची बहीण नाझली बेगम जंजिरा संस्थानच्या बेगम होत्या. त्या घरची श्रीमंती आपल्याकडे नाही, हे मी जाणतो. पण आपल्या मुलीला लंडनला जायचे नाही. पुष्कळदा तिला फक्त खाडी ओलांडून हायस्कुलात किंवा एस.टी.ने तालुक्याच्या कॉलेजात जायचे असते. त्या सात-आठ मैलांसाठी आपण तिचे नाव शाळेतून काढतो, आणि मुलाला मात्र सातासमुद्रापलीकडे बेलाशक पाठवितो.

मुलांचीही गोष्ट बोलतो. सोळा वर्षे झाली की पासपोर्टची घाई सुरू होते. परदेशच्या कमाईला मी नावे ठेवीत नाही. त्या कमाईवर मी वाढलो आणि आपल्या समाजाच्या कितीतरी शाळा त्याच पैशातून उभ्या राहिल्या आहेत. पण काळ बदलला आहे. आज जहाजावर साध्या खलाशाच्या जागेलाही दहावी पास आणि प्रशिक्षणाचा दाखला लागतो. दहावी न झालेल्याला आखाती देशांत नोकरीला जाताना सरकारी परवानगीची वेगळी अट असते. अर्धवट शिकलेला मुलगा जग पाहील, परंतु ते इंजिनखात्याच्या झरोक्यातून. त्याला झरोका द्यायचा की डेक, हे आपण आज ठरवितो आहोत.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. विद्यार्थ्यांनो, एक वही घाला. घरातल्या किंवा शेजारच्या एका वृद्ध खलाशाजवळ, गोदी कामगाराजवळ, आफ्रिकेहून वा आखातातून परतलेल्या चाचांजवळ बसा. कोणत्या साली गेलात, बोटीचे नाव काय, पगार किती, खायला काय मिळे, आजारी पडलात तर कोणी पाहिले, हे विचारून लिहा. मुंबईहून बोटीने होणारी हजयात्रा १९९५ साली बंद झाली. तो प्रवास केलेली माणसे आता थोडी उरली आहेत. बायकांनाही विचारा. नवरा समुद्रावर असताना घर, शेत आणि मुले कोणी सांभाळली, हाही इतिहासच आहे. जुनी पत्रे आणि नोकरीची पुस्तके रद्दीत जाऊ देऊ नका.

पालकांना दुसरी विनंती. येत्या जूनमध्ये ज्या घरातली मुलगी आठवीत किंवा अकरावीत जाणार असेल, त्या घराने तिचे नाव शाळेतून काढू नये. भाड्याची अडचण असेल तर संस्थेकडे या. बरोबर कोणी नाही ही अडचण असेल तर वस्तीतल्या चार मुली एकत्र पाठवा. आणि पासपोर्टचा अर्ज मुलाच्या परीक्षेचा निकाल लागल्यावर भरा; समुद्र कोठे जात नाही.